इन्स्टावरच्या रिसेलरकडून आयफोन घेतोय, चोरीचा किंवा ब्लॉक झालेला नाही हे कसं बघायचं?

मुलुंडचा_बाबा

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. मुलीचं कॉलेज सुरू होतंय माटुंग्याला, रोज लोकलने जाणार येणार, त्यामुळे फोन तर लागणारच, आणि तिचा जीव आयफोनवर अडकलाय. नवीन घ्यायचं बजेट नाही. तिने इन्स्टावर एक पेज शोधलंय, आयफोन १३, १२८ जीबी, फोटोत एकदम चकाचक दिसतो आणि किंमत दुकानातल्या सेकंडहँडपेक्षाही बरीच कमी. बिल मागितलं तर म्हणतो बिल नाही पण बॉक्स आहे, पीस क्लीन आहे, गॅरंटी माझी. दुकानाचा पत्ता विचारला तर सांगतो दादर स्टेशनच्या ब्रिजवर भेटू, तिथेच चेक करून घ्या. आणि आधी दोन हजार टोकन पाठवा म्हणजे दुसऱ्याला देणार नाही म्हणतो.

पैसे अजून पाठवलेले नाहीत. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, टाकून चेक करता येतं असं ऐकलंय, ते केलं की झालं का, की अजून काही बघावं लागतं?

गिरगावची_मुलगी

काका, टोकन अजिबात पाठवू नका. फोन हातात नाही, पत्ता माहीत नाही, मग दोन हजार कोणाला देताय? अशी पेजेस पैसे घेतात आणि ब्लॉक करतात. कोणाचे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार द्यावी, जितक्या लवकर कराल तितके पैसे मधेच थांबण्याचे चान्सेस जास्त.

घाटकोपर_रिपेरिंग

काका, माझं मोबाइल रिपेरिंगचं काउंटर आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्याच्याकडून आयएमईआय मागवा. *#०६# डायल केलं की स्क्रीनवर १५ आकडी नंबर येतो, आयफोन १३ ला दोन येतील. त्या स्क्रीनचा फोटो नको, व्हिडिओ मागा, त्यात डायल करताना दिसलं पाहिजे. मग मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम लिहून एक स्पेस सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ ला पाठवा, किंवा सरकारच्या संचार साथीच्या वेबसाइटवर, ॲपवर टाका. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं, आणि स्टेटस ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज असं आलं तर तो फोन घ्यायचाच नाही. लोक फक्त स्टेटस बघतात आणि मॉडेल वाचतच नाहीत, ते आधी वाचा.

भेटायला गेलात तर स्वतःचं सिम घेऊन जा. माझ्याकडे लोक येतात की दादा सगळं चालतं फक्त टॉवर येत नाही. ब्लॉक झालेला फोन वायफायवर मस्त चालतो, यूट्यूब चालतं, व्हॉट्सअप चालतं, कॅमेरा चालतो, आणि विकणारा खिशात स्वतःच्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवून तुम्हाला व्हिडिओ दाखवत असतो, बघणाऱ्याला वाटतं नेट आहे म्हणजे सगळं ओके. तर वायफाय बंद करा, आपलं सिम टाका, घरी साधा कॉल लावा आणि दोन मिनिटं बोला.

सिम काढलंच आहे तर ट्रेपण बघा. बऱ्याच आयफोनच्या ट्रेवर बारीक अक्षरात आयएमईआय कोरलेला असतो, मोबाइलची टॉर्च तिरकी मारली की वाचता येतो. स्क्रीनवरचा, ट्रेवरचा आणि डब्यावरच्या स्टिकरचा नंबर जुळला पाहिजे. ट्रे बदललेला असू शकतो हे मान्य, पण मग डबापण वेगळ्या नंबरचा निघाला तर आतला बोर्ड दुसऱ्याच फोनचा आहे किंवा डबा कुठूनतरी उचललाय. नुसता डबा आहे म्हणून विश्वास ठेवू नका, रिकामे डबे सुटे विकत मिळतात.

शेवटचं म्हणजे ॲपल आयडी. सेटिंग्ज उघडल्यावर सगळ्यात वर कोणाचं नाव दिसतं ते बघा, त्याला तुमच्यासमोर फाइंड माय (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करून साइन आउट करायला लावा, मग फोन पूर्ण इरेज करायला लावा आणि हॅलो स्क्रीनपासून होमस्क्रीनपर्यंत तुमच्या नेटवर तुम्ही सेटअप करा. मधे कुठे फोन मालकाला लॉक आहे असं आलं किंवा रिमोट मॅनेजमेंट असं आलं तर तिथेच परत द्या. रिमोट मॅनेजमेंट म्हणजे कुठल्यातरी कंपनीने स्टाफला दिलेला फोन. "बायपास मारून देतो" असं कोणी म्हणालं तर काही न बोलता निघायचं.

अँड्रॉइडवाली_ठाणे

घाटकोपर दादांनी आयफोनचं सगळं सांगितलंय, मी अँड्रॉइडचं लिहिते कारण अजून कोणी वाचत असेल. तिथेपण रिसेट केल्यावर जुन्या मालकाचा गूगल आयडी मागतो, २०१५ च्या अँड्रॉइड ५.१ पासून हे आहे. आणि हप्त्यावर घेतलेले फोन वेगळंच प्रकरण आहे, माणूस दोन हप्ते भरतो, फोन विकून टाकतो, मग फायनान्सवाले लांबून फोन लॉक करतात आणि स्क्रीनवर हप्ता भरा असा मेसेज येऊन बसतो, रिसेट केला तरी जात नाही. चोरीचा नसतो म्हणून केवायएमला हे कळणारच नाही. म्हणून बिलावर फायनान्सचं काही लिहिलंय का ते बघायचं आणि विचारायचं की लोन बंद झाल्याची एनओसी कुठे आहे.

लोकलचा_प्रवासी

मला एकच सांगायचंय पण ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा लांबेल. केवायएम क्लीन आलं म्हणजे फोन चोरीचा नाही असं नाही, त्याचा अर्थ एवढाच की आत्तापर्यंत कोणी तो ब्लॉक केलेला नाही.

माझा स्वतःचा फोन लोकलमध्ये दारात उभा असताना गेला, ट्रॅकच्या बाजूला उभं राहून हातावर फटका मारतात ना, तसा. मग काय काय करावं लागतं बघा. आधी रेल्वे पोलिसांकडे तक्रार, तिची कॉपी. मग त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम, कारण सीईआयआरच्या, म्हणजे चोरीचे फोन ब्लॉक करायच्या सरकारी साइटवर ब्लॉकची रिक्वेस्ट टाकायची तर ओटीपी त्यावर येतो, आणि नवीन सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास मेसेज येतच नाहीत. बिल शोधा, ओळखपत्र अपलोड करा. रिक्वेस्ट गेल्यावरसुद्धा ब्लॉक व्हायला २४ तासांपर्यंत लागतात. म्हणजे धावपळ केली तरी मधले काही दिवस असेच जातात आणि ज्याच्याकडे बिल सापडत नाही किंवा जो गावाला गेलाय त्याचे तर अजून जास्त. तेवढ्या दिवसांत हा फोन एखाद्या पेजवर चकाचक फोटो काढून विकायला लागलेला असतो आणि त्या दिवशी तो १०० टक्के क्लीनच दाखवतो. तुम्ही घेता, मुलगी वापरायला लागते, आणि एक दिवस टॉवर जातो.

आणि नुसता टॉवर जात नाही. ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कोणी सिम टाकलं की त्या सिमची माहिती पोलिसांपर्यंत जाते, ते सिम तुमच्या मुलीच्या नावावर असेल.

ही सीईआयआरची सोय देशभर मे २०२३ ला आली पण महाराष्ट्रात मुंबईतून सप्टेंबर २०१९ लाच चालू झाली होती, तरी इतक्या लोकांना माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं. माझ्या फोनमध्ये वडिलांचे शेवटचे फोटो होते. ज्याने तो विकत घेतला त्याला बहुतेक स्वस्तात मिळाला एवढंच माहीत असेल.

म्हणून काका, नंबरपेक्षा माणूस चेक करा. पहिल्या मालकाच्या नावाचं बिल, त्यावर हाच आयएमईआय, विकणाऱ्याचं आधार किंवा पॅन बघून नाव जुळतंय का, आणि पैसे यूपीआयने त्याच नावावर, कॅश नाही. दुकानदार असेल तर पक्कं बिल मागा आणि बिलावरचा जीएसटी नंबर सरकारच्या जीएसटी साइटवर टाकून बघा, दुकानाचं नाव आणि पत्ता येतो. जो हे द्यायला तयार नाही त्याच्याकडे फोन कुठून आला हे त्याला सांगायचं नाहीये.

परळ_वकील

लोकलचा प्रवासी यांचं बरोबर आहे, कायद्याची बाजू सांगते. मालविक्री अधिनियम १९३०, कलम २७, विकणाऱ्याकडे जी मालकी नाही ती सर्वसाधारणपणे घेणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे तुम्ही पूर्ण पैसे मोजले तरी चोरीचा फोन मूळ मालकाचाच राहतो, तो जप्त होणार आणि तुमचे पैसे तुम्हाला विकणाऱ्याकडूनच वसूल करावे लागणार. दुसरं, चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, जुन्या दंड संहितेतलं ४११, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. त्यात "चोरीचा आहे असं मानायला कारण होतं" हेसुद्धा येतं. बिल नाही, पत्ता नाही, ब्रिजवर भेट, किंमत खूपच कमी, एवढं सगळं दिसत असताना घेतला तर मला माहीत नव्हतं हे पटवणं अवघड जातं. आणि आयएमईआय बदलणं हा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षं कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मुलुंडचा_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगत नाही. अपडेट देतो. त्याच्याकडे व्हिडिओ मागितला तर त्याने फोटोच पाठवला. तो नंबर १४४२२ ला पाठवला आणि घाटकोपर दादा म्हणाले तसं आधी मॉडेल वाचलं, तर भलत्याच कंपनीच्या अँड्रॉइड फोनचं नाव आलं! स्टेटस मात्र ठीक होतं, तेवढंच बघितलं असतं तर कळलंच नसतं. त्याला विचारलं तर म्हणतो सरकारी सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, मग लगेच हजार रुपये कमी करतो म्हणाला.

घाटकोपर_रिपेरिंग

सर्व्हरचा काही प्रॉब्लेम नाही काका. आयएमईआयचे पहिले आठ आकडे मॉडेलचेच असतात, त्यामुळे आयफोनच्या जागी दुसरी कंपनी आली म्हणजे एकतर त्याने कुठल्यातरी दुसऱ्याच फोनचा नंबर तुम्हाला दिला किंवा नंबरच बदललेला आहे. २०२० ला मेरठला एकाच आयएमईआयवर १३,००० च्या वर फोन चालू असलेले सापडले होते, तेव्हा नंबरशी खेळ होतो हे पोलिसांनाही माहीत आहे. त्याचा नंबर संचार साथीवर चक्षूमध्ये, म्हणजे संशयास्पद कॉल-मेसेजची तक्रार करायच्या सोयीत, रिपोर्ट करून टाका. मुलीला सांगा थोडी थांब, ओळखीतला कोणीतरी नवीन फोन घेईल तेव्हा त्याचा जुना बिलासकट घ्या, मी स्वतः लोकांना हेच सांगतो जरी माझ्या काउंटरवर सेकंडहँड असले तरी.

चेंबूर_०७

मधेच विचारतोय सॉरी, माझ्या भावाने असाच एका ऑनलाइन रिसेलरकडून फोन घेतलाय, नेटवर्क गेलं आणि आज पोलीस स्टेशनमधून फोन आला की तो फोन घेऊन या. तो घाबरून म्हणतोय फोन बंद करून कुठेतरी टाकून देतो. काय करू?

परळ_वकील

टाकून अजिबात देऊ नका आणि पुढे कोणाला विकूही नका, त्याने साधा खरेदीदार संशयित दिसायला लागतो. आत्ता बसून त्या रिसेलरशी झालेलं सगळं चॅट एक्सपोर्ट करा, पेजचे स्क्रीनशॉट काढा, यूपीआयचा व्यवहार नंबर लिहून ठेवा, कारण पेज कधीही गायब होईल. फोटो, कॉन्टॅक्ट दुसरीकडे कॉपी करा पण फोन रिसेट करू नका. जो फोन आलाय तो खरंच त्या पोलीस स्टेशनचा आहे का ते तिथल्या लँडलाइनवर करून खात्री करा, कोणी केस मिटवायला ऑनलाइन पैसे मागत असेल तर ते पोलीस नाहीत. मग भावाबरोबर घरातलं मोठं माणूस किंवा वकील जाऊ दे, कोणाकडून, कधी, कितीला घेतला हे लेखी जबाबात द्या, आणि फोन ताब्यात घेतला की त्याची पोच आयएमईआय लिहून मागून घ्या. रिसेलरविरुद्ध फसवणुकीची तक्रारही त्याच वेळी द्यायची, नंतर बघू म्हणू नका.