सिक्वेल फसला की चाहते एकमेकांवर का उठतात?

तलावपाळीकर
ठाण्यात आमचा 'स्टार वॉर्स'वाल्यांचा गट होता. २०१७ला त्या सिनेमामालिकेतला 'द लास्ट जेडाय' आला आणि गट फुटला. जुन्या भागांचा नायक ल्यूक स्कायवॉकर हताश होऊन बेटावर दडून बसलाय, हे निम्म्यांना सहनच झालं नाही. मला तोच भाग सर्वांत खरा वाटला. मतभेद होणारच. पण 'तुला आवडला? मग तू खरा चाहता नाहीस' हे सुरू झालं आणि बोलणंच खुंटलं. त्यात रोझ या पात्राचं काम करणाऱ्या केली मॅरी ट्रॅनला तर इतकं छळलं की २०१८मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट काढून टाकल्या. पात्र लिहिलं दुसऱ्याने, शिव्या हिला!

ऐरोलीकर
ट्रॅनबद्दल पूर्ण सहमत. पण सगळं खापर चाहत्यांवर नको. 'द लास्ट जेडाय'चा दिग्दर्शक रियान जॉन्सनने दाखवलं की नायिका 'रे'चे आईवडील कुणी मोठे नव्हते. २०१९च्या पुढच्या भागात दिग्दर्शक जे. जे. एब्रम्सने तिला थेट खलनायक पॅल्पटीनची नात केलं. या माघारीने खूश कोण झालं? ज्यांना आधीचा भाग आवडला ते दुखावले, नावडला त्यातलेही बरेच नाराजच राहिले. लहानपणापासून जीव लावलेल्या गोष्टीची अशी ओढाताण झाली तर माणूस पोटतिडकीने बोलणारच.

वाशीची मेघना
'टाइमपास' आठवा. २०१४ला प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर, २०१५ला मोठे दगडू-प्राजू म्हणून प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट. आमच्या कट्ट्यावर यावरून कडाक्याचे वाद झाले, पण अबोला कुणी धरला नाही. सिनेमा आवडणं हीच स्वतःची ओळख झाली की टीका अंगाला लागते, असं मला वाटतं.

तलावपाळीकर
मेघना, पटलं. 'स्टार वॉर्स'च्या १९९९च्या भागात जार जार बिंक्स हे विनोदी पात्र झालेल्या अहमद बेस्टचीही अशीच हेटाळणी झाली होती. २०२३ला तो 'स्टार वॉर्स'च्याच 'द मँडलोरियन' मालिकेत जेडाय योद्धा होऊन आला, तेव्हा त्याचं कौतुक झालं. मधे २४ वर्षं गेली. ट्रॅननेही तेवढी वाट बघायची का?

ऐरोलीकर
मुळीच नाही. पण शिव्या देणारे वेगळे आणि कथा फसली म्हणणारे वेगळे, एवढं तरी माना. आणि २०१९च्या भागात रोझला जेमतेम जागा ठेवली, ती चित्रपट करणाऱ्यांनीच ना?

तलावपाळीकर
त्यांनीच. पण ओरडणाऱ्यांना भिऊन, असं माझं ठाम मत आहे.