कोड वाचणं म्हणजे निदान नव्हे

‘गाडी दुरुस्तीचं सगळं यूट्यूबवर आहे, मग ते शिकायला कम्युनिटी कॉलेजात (अमेरिकेतलं दोन वर्षांच्या पदवीचं कॉलेज) दोन वर्षं कशाला घालवायची?’ असं एकाने विचारलंय. नुसते ब्रेक पॅड बदलायचे असतील तर खरंच नका घालवू.

मी संध्याकाळच्या वर्गांना जायचो. पहिलं सत्र जवळजवळ मल्टीमीटरवरच (व्होल्टेज वगैरे मोजायचं यंत्र) गेलं, वैताग आला होता. मग एक गाडी आली. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज, तरी स्टार्टर, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, नुसता कण्हत होता. मी छातीठोकपणे म्हटलं, स्टार्टर गेला. सरांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवलं आणि किल्ली फिरवायला सांगितली. दोन व्होल्टच्या वर! तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिनला जोडणारी अर्थिंगची वायर टोकाशी गंजली होती, व्होल्टेज तिथेच वाया जात होतं. घासून घट्ट केली, गाडी सुरू. माझं ऐकलं असतं तर नव्या स्टार्टरचे पैसे पाण्यात.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरचंही तेच. पी०१७१ कोड एवढंच सांगतो की मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. लोक लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात, आणि जादा हवा आत घेणारा चिरलेला व्हॅक्यूम पाइप तसाच फुसफुसत राहतो.

पदवीच्या कागदाचा फायदाही आहे म्हणा. अमेरिकेत एएसई या मेकॅनिकांच्या प्रमाणपत्राला परीक्षेबरोबर दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. या विषयातली दोन वर्षांची पदवी असेल तर एकच वर्ष पुरतं.

फी भरण्याआधी मात्र वर्कशॉप बघून या. एका लिफ्टभोवती पंधरा मुलं उभी दिसली तर दुसरं कॉलेज शोधा.