हार्वे म्हणे चोर!

बोरूबहाद्दर:
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, की रक्ताभिसरणाचा शोध इटालियन वैद्य आंद्रेआ चेझाल्पिनोने 1571 मध्येच लावला आणि इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेने तो इटलीत शिकताना ढापून 1628 मध्ये आपल्या नावावर खपवला. वाचून डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

चेझाल्पिनो हुशारच होता. हात आवळून बांधला की शिरा हृदयाकडच्या बाजूला नाही, बोटांकडच्या बाजूला फुगतात, हे त्याने पाहिलं. प्राचीन ग्रीक वैद्य गेलन म्हणतो तसं रक्त शिरांतून बाहेर वाहत असेल तर उलटं घडायला हवं, हेही त्याच्या लक्षात आलं. पण पुढे काय? थोडं रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातून झिरपतं, हा गेलनचा जुना गैरसमज त्याने सोडलाच नाही. हार्वेने सरळ हिशोब घातला. एका ठोक्याला अगदी थोडं रक्त धरा, तरी अर्ध्या तासात अंगात आहे त्याहून जास्त रक्त हृदयातून जातं. एवढं रोज जेवणातून तयार होणार? ते फिरूनच यायला हवं.

तळटीपवाला:
तो "एकाने" म्हणजे मी. नाव घेतलंत तर जीभ झडणार नाही. हार्वे 1602 ला पादुआतून पदवी घेऊन गेला. फुप्फुसातून रक्त जातं हे इटालियन शरीरशास्त्रज्ञ कोलोंबोने 1559 मध्ये छापलं होतं, शिरांच्या झडपांवर हार्वेचा गुरू फाब्रिचिओ याचं पुस्तक 1603 चं. निम्मा माल तयारच होता की.

गावचा_वैद्य:
आपल्या सुश्रुतसंहितेत हृदयातून चोवीस धमन्या निघून अन्नाचा रस देहभर जातो असं आहे. पण ते कोण वाचतो!

बोरूबहाद्दर:
वैद्यबुवा, रस "परत येतो" हे कुठे आहे तेवढं सांगा. आणि फुप्फुसाचं म्हणाल तर तेराव्या शतकात अरब वैद्य इब्न अल-नफीस लिहून गेलाय, मग कोलोंबोही चोर का?

प्रबंधग्रस्त:
मला हार्वेशी घेणंदेणं नाही, पण हे "निम्मा माल" प्रकरण चांगलं माहीत आहे. स्लाइड्स मी केल्या, दिवाळीत लॅबमध्ये मी बसलो, आणि पेपरवर माझं नाव चौथं. तिसरं गाईडच्या पुतण्याचं!

मापटं:
पुतण्याचं वाईटच. पण मी स्वतः गाईड आहे. विद्यार्थी येतो, "मॅडम, मला दिसलं." अरे, दिसलं ठीक आहे, कंट्रोल, म्हणजे तुलनेचा प्रयोग, कुठाय? मग सहा महिने डोकं आम्ही खपवायचं आणि श्रेयलाटू पण आम्हीच?

प्रबंधग्रस्त:
सहा महिने?? आमचे सर महिन्यातून एकदा सहीपुरते उगवायचे. तुमच्यासारख्यांमुळेच लोक पीएचडी सोडून बँकेच्या परीक्षा देतात.

मापटं:
"तुमच्यासारख्या" म्हणजे? माझ्या किती मुलांना ओळखता तुम्ही?

शंकासुर:
भांडा निवांत. माझ्या टोपणनावाच्या झाडाचं शास्त्रीय नाव सिसाल्पिनिया, ते याच चेझाल्पिनोवरून. वनस्पतींवरचं त्याचं 1583 चं पुस्तक खरं थोर. त्याचं नाव दारोदारी फुललंय, आणखी काय हवं?

तळटीपवाला:
मूळ मुद्दा! धमनीतून शिरेत रक्त जातं कुठून, हे हार्वेलाही दिसलं नव्हतं. त्या जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्या इटालियन शास्त्रज्ञ मालपिगीने बेडकाच्या फुप्फुसात दाखवल्या 1661 मध्ये, तेव्हा हार्वे वारून चार वर्षं झाली होती. अर्धवट म्हणून चेझाल्पिनो नापास, तर हार्वे पास कसा?

बोरूबहाद्दर:
कारण त्याने प्रयोग केला. दंडाला पट्टी करकचून बांधली: नाडी बंद, हात गार. जरा सैल केली: नाडी सुरू आणि शिरा टम्म. धमनीतून आलेलं रक्त शिरेत उतरलं, हे सूक्ष्मदर्शकाशिवाय सिद्ध झालं. शिरा फुगण्याचं श्रेय चेझाल्पिनोला देतो, हवी तर पावती फाडतो.

तळटीपवाला:
पावती ठेवा तुमच्याकडेच. "ढापला" मागे घेतो, "नाव न घेता वापरला" म्हणतो. खूश?

बोरूबहाद्दर:
वापरला याचा पुरावा?

प्रबंधग्रस्त:
पुरावा मागणारे सगळे गाईडच असतात.