मराठी अवांतर वाचन आणि पुस्तकखरेदी : तीन विभागांनी मिळून सर्वेक्षण कसे आखावे?

मराठी_विभाग

आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात पदवीचे साधारण 2000 विद्यार्थी आहेत. मराठी, शिक्षणशास्त्र आणि वाणिज्य असे तीन विभाग मिळून त्यांच्या मराठी अवांतर वाचनावर आणि पुस्तकखरेदीवर शोधलेख करणार आहोत. 40 प्रश्नांचा गूगल फॉर्म तयार आहे. तो वर्गांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकून 384 प्रतिसाद जमवायचे, मग लिंग, शाखा आणि वर्ष यांनुसार प्रत्येक प्रश्नाला काय-स्क्वेअर (गटांतला फरक योगायोगाचा आहे का ते पाहणारी चाचणी) लावायचा, असे ठरले आहे. 384 पुरेत का? फॉर्म पाठवण्याआधी काय तपासावे? आणि युजीसीची केअर यादी (मान्य शोधपत्रिकांची यादी) बंद झाल्यावर शोधपत्रिका कशी पारखायची?

सांख्यिकी_शिक्षक

384 हा आकडा फार मोठ्या समष्टीसाठी (ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा त्या सगळ्यांसाठी) असतो : 95 टक्के विश्वासपातळी, ±5 टक्के चूक. तुमची समष्टी 2000 ची असल्याने दुरुस्ती केल्यावर 323 पुरतात. पण हे गणित यादृच्छिक निवड, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी, धरून केलेले आहे. गटावर टाकलेली लिंक भरतो तो ज्याला विषयात रस आहे, म्हणजे बहुधा वाचणाराच. असे 600 फॉर्म आले तरी वाचनाचे प्रमाण फुगलेलेच दिसणार. नमुना वाढवून ही चूक कमी होत नाही.

त्यापेक्षा हजेरीपट घ्या, तो शाखा आणि वर्ष यांप्रमाणे लावा, 1 ते 5 मधला एक आकडा चिठ्ठीने काढा आणि तिथून दर पाचवे नाव निवडा. 400 नावे होतील आणि प्रत्येक शाखेचा वाटा आपोआप येईल. त्यातल्या 81 टक्के जणांनी फॉर्म भरला तरी 324 होतात. फॉर्म तासाला वर्गात भरून घ्या. गैरहजर असलेल्यांकडे दोनदा तरी परत जा, कारण वर्गात न येणाऱ्यांच्या वाचनसवयी वेगळ्या असू शकतात. त्यांच्या जागी शेजारचे नाव घेऊ नका. 18 वर्षांखालचे कोणी असेल तर पालकांची लेखी संमती लागेल. एकट्या विज्ञान शाखेचे 65 जण आले असतील, तर त्या शाखेपुरती चूक ±11-12 टक्क्यांपर्यंत जाते, हे लेखात स्पष्ट लिहा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. 40 प्रश्न गुणिले 3 गट म्हणजे 120 चाचण्या. 0.05 ची पातळी ठेवली तर काहीही फरक नसताना सुमारे 6 ठिकाणी निव्वळ योगायोगाने 'लक्षणीय फरक' निघेल, आणि लेखाचे निष्कर्ष नेमके तेच होऊन बसतील. फॉर्म वाटण्याआधी तीन-चार परिकल्पना (तपासायची विधाने) लिहून, तारीख घालून ठेवा आणि तेवढ्याच तपासा. चार असतील तर पातळी 0.0125 (0.05 भागिले 4) धरा. काय-स्क्वेअरमध्ये तक्त्याच्या 20 टक्क्यांहून जास्त घरांत अपेक्षित वारंवारता (फरक नसता तर येणारी संख्या) 5 पेक्षा कमी आली तर पर्याय एकत्र करा. 'लागू असतील ते सर्व निवडा' अशा प्रश्नाला तर एकत्रित काय-स्क्वेअर लावताच येत नाही, कारण एकच विद्यार्थी अनेक घरांत मोजला जातो. तिथे प्रत्येक पर्याय वेगळा 'हो/नाही' स्तंभ करावा लागतो. गूगल फॉर्म ती सगळी उत्तरे एकाच घरात स्वल्पविरामाने जोडून देतो, म्हणून पर्यायांच्या मजकुरात स्वल्पविराम ठेवू नका. नाहीतर वेगळे करताना एका पर्यायाचे दोन होतात.

क्रॉनबॅकचा अल्फा (विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा आकडा) 0.7 च्या वर हवा. पण तो एकच वृत्ती मोजणाऱ्या विधानांपुरता काढायचा. वय, लिंग, खरेदीचे ठिकाण हे सगळे त्यात टाकून काढलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. 'वाचन कंटाळवाणे वाटते' असे उलटे विधान असेल तर 1 ते 5 गुणांच्या मोजपट्टीवर आधी 6 मधून गुण वजा करून घ्या.

वाणिज्य_विपणन

खरेदीच्या प्रश्नांत मराठी पुस्तक म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवा. स्पर्धा परीक्षेची पुस्तके, गाईड आणि अभ्यासक्रमातली कादंबरी हे तिन्ही वेगळे काढले नाहीत, तर 'विद्यार्थी भरपूर मराठी पुस्तके घेतात' असा निष्कर्ष निघेल आणि तो साहित्याबद्दलचा नसेलच.

'पुस्तके का घेत नाही?' असे विचारू नका. 'किंमत जास्त' हे तोंडावरचे उत्तर येते. शेवटच्या खरेदीबद्दल विचारा : कोणते पुस्तक, कुठून घेतले (दुकान, प्रदर्शन, ऑनलाइन, जुन्या पुस्तकांचा ठेला), छापील किंमत किती होती, हातात किती पैसे दिले, पैसे कोणाचे. किती किंमत झेपते हे खरोखर मोजायचे असेल तर पीटर व्हॅन वेस्टनडॉर्प यांची 1976 ची चार प्रश्नांची पद्धत वापरा. 200 पानांची एक कादंबरी प्रत्यक्ष हातात द्या, छापील किंमत झाकून, आणि रुपयांत विचारा : किती किमतीला ती इतकी स्वस्त वाटेल की दर्जाबद्दल शंका येईल, किती किमतीला स्वस्तात मिळाली असे वाटेल, कुठून महाग वाटू लागेल, आणि कुठल्या किमतीला घेणारच नाही. चार आकडे चढत्या क्रमाने आले नाहीत तो फॉर्म या विश्लेषणातून काढावा लागतो. असे फॉर्म बरेच निघतात, म्हणून आधी 30 जणांवर पायलट, म्हणजे फॉर्मची छोटी चाचणी, करा (हे 30 अंतिम नमुन्यात नकोत).

ग्रंथपाल

'तुम्हाला वाचनाची आवड आहे का?' हा प्रश्न काढूनच टाका. शिक्षकासमोर 'नाही' कोण म्हणेल? 'पुस्तके आणि मासिके नियमित वाचता का?' यात दोन प्रश्न आहेत, आणि 'नियमित' म्हणजे काय ते प्रत्येक जण आपापले ठरवतो. गेल्या 3 महिन्यांत अभ्यासाबाहेरची किती मराठी पुस्तके पूर्ण वाचली, असे विचारा. पर्याय 0, 1, 2, 3 ते 5, 6 किंवा अधिक असे द्या. मोकळी जागा ठेवली तर कोणी '३' लिहितो, कोणी 'तीन', कोणी '2-3'. शेवटच्या पुस्तकाचे नावही मागा. '6 किंवा अधिक' निवडून नावाची जागा कोरी सोडणारे त्यातून कळतात.

मुख्य म्हणजे हे सगळे विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेले वाचन. ते पडताळायला ग्रंथालयाची देवघेव आहे. सोल किंवा ई-ग्रंथालय या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीतून वर्षभराची देवघेव काढा. ड्युई वर्गीकरणात (पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत) मराठी साहित्य 891.46, त्यात कादंबरी-कथा 891.463. नाव आणि कार्ड क्रमांक ग्रंथपालांकडूनच वगळून घ्या. शाखा, वर्ष, तारीख आणि वर्गांक एवढेच तुमच्याकडे येऊ द्या. मुदतवाढीच्या नोंदी गाळा, नाहीतर एकच पुस्तक तीनदा मोजले जाईल. सर्वेक्षणात कला शाखा पुढे आणि देवघेवीत विज्ञान पुढे असे निघाले, तर तुमच्या लेखातला सर्वात वाचनीय भाग तोच.

संपादन_साहाय्य

केअर यादी युजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली. आता निवडीची जबाबदारी संस्था आणि संशोधकांची आहे. आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ही फक्त ओळख, दर्जाची हमी नव्हे. त्या क्रमांकापुढे नोंदलेले नाव आणि संकेतस्थळ आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवर जुळते का ते पाहा, कारण चांगल्या पत्रिकांची हुबेहूब नकली संकेतस्थळे निघाली आहेत. संपादक मंडळातल्या दोघा-तिघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पानावरच्या ईमेलवर विचारा. तीन दिवसांत स्वीकृती, आधी पैसे, आणि एकाच अंकात आयुर्वेदापासून जीएसटीपर्यंत सगळे, असे दिसले तर तिकडे फिरकू नका.

लेख युनिकोडमध्येच टंका. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ दिसायला ठीक असते, पण तिच्यातली एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. रोमन अक्षरांची खिचडी आली तर साम्य तपासणारे सॉफ्टवेअरही तीच वाचते आणि 0 टक्क्यांचा निरर्थक अहवाल देते. फॉन्ट बदलून घेतलात तर 'वाचणाऱ्या', 'दुसऱ्या' असे शब्द एकेक करून तपासा. अर्धा ऱ हमखास तुटतो.

मराठी_विभाग

खूप आभार. दर पाचवे नाव आणि देवघेवीची पडताळणी नक्की करतो. दिवाळी अंक पुस्तकांत धरायचे का?

ग्रंथपाल

नाही, त्यांचा प्रश्न वेगळा ठेवा : गेल्या दिवाळीत किती अंक चाळले, त्यांतले घरी विकत घेतलेले किती, ग्रंथालयातले किती. आणि फॉर्म नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाटू नका. तेव्हा अंकही पुस्तकांच्या आकड्यात मिसळतात आणि सत्र परीक्षाही तोंडावर असते.