स्लाइडवरचा मजकूर छाटला, पण अर्थच निसटला: मदत हवी आहे

नमस्कार. मी देखभाल विभागात काम करतो. दर तिमाहीला वरिष्ठांपुढे वीस मिनिटांचं प्रेझेंटेशन असतं. मागच्या खेपेला 'स्लाइडवर फार वाचावं लागतं' असं ऐकून घ्यावं लागलं. म्हणून या वेळी 'एका स्लाइडवर सहा ओळी, ओळीत सहा शब्द' हा नियम धरून सगळं छाटलं, आणि गोंधळ वाढला.

आधीची स्लाइड:
"गेल्या तिमाहीत ३ नंबरच्या पंपाचे बेअरिंग दोन वेळा बदलावे लागले असून, दोन ग्रीसिंगमधील कालावधी जास्त असणे हे त्यामागील प्रमुख कारण असल्याचे निदर्शनास आले आहे. त्या अनुषंगाने, महिन्याऐवजी दर १५ दिवसांनी ग्रीसिंग करण्याचे प्रस्तावित आहे."

छाटल्यावर:
– बेअरिंग बदल: २
– कारण: ग्रीसिंग
– प्रस्ताव: १५ दिवस

एका साहेबांनी विचारलं, "ग्रीसिंगमुळे बेअरिंग गेलं?" दुसऱ्यांना वाटलं, पंप १५ दिवस बंद ठेवायचाय. काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे तुम्ही कसं ठरवता? शिवाय जे हजर नसतात त्यांना हीच फाइल मेलने जाते.

प्रतिसाद १
तुम्ही नेमका अर्थ वाहणारा भाग काढलात. मराठीत कोणामुळे काय झालं हे 'मुळे', 'ऐवजी' आणि क्रियापद सांगतं. ते गेलं की नुसती नामं उरतात. काढण्यासारखं होतं ते 'असल्याचे निदर्शनास आले आहे', 'त्या अनुषंगाने', 'करण्याचे प्रस्तावित आहे'. मी अशी केली असती:

शीर्षक: दोन ग्रीसिंगमधलं अंतर जास्त असल्यामुळे बेअरिंग दोनदा गेलं
मधे: तीन महिन्यांची आडवी रेघ; ग्रीसिंगच्या तारखांना ठिपके, बेअरिंग गेलं तिथे फुली
खाली: मंजुरी हवी – महिन्याऐवजी दर १५ दिवसांनी ग्रीसिंग

शीर्षकात पूर्ण विधान आणि खाली त्याचा पुरावा, बाकी काही नाही. रेघेवरचं अंतर डोळ्यांना दिसलं की समजावणारी दोन वाक्यं आपोआप गळतात. आणि तुम्हाला मंजुरी हवी आहे हे तर मूळ स्लाइडवरही स्पष्ट नव्हतं.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण त्यात 'प्रमुख' हा शब्द गळला. मूळ मजकुरात ग्रीसिंग हे प्रमुख कारण आहे, एकमेव नाही. असे शब्द छाटताना हात आखडता घ्यावा. २००३ साली नासाचं कोलंबिया अवकाशयान कोसळलं, त्याच्या चौकशी अहवालात एका स्लाइडची चर्चा आहे. तिचं शीर्षक धीर देणारं होतं, आणि यानावर आदळलेला फोमचा तुकडा चाचणीतल्या तुकड्यापेक्षा कितीतरी पट मोठा होता ही गोष्ट अगदी तळाच्या ओळीत: १९२० घन इंच विरुद्ध ३. निष्कर्ष बदलू शकेल अशी बाब तळाला ठेवू नका, वर आणा.

आणखी एक, नवी स्लाइड आली की दोन-तीन सेकंद गप्प राहा. लोक वाचत असताना आपण वेगळ्या शब्दांत बोललो, तर त्यांचं वाचनही नीट होत नाही आणि ऐकणंही.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. 'प्रमुख' परत घेतला. खरं तर दुसऱ्या वेळी अलाइनमेंटही (भागांची एका रेषेतली जुळणी) थोडी हललेली होती; ते तोंडी सांगणार होतो, आता त्या फुलीशेजारीच लिहितो. मेलच्या फाइलचं मात्र अजून अडलंय.

प्रतिसाद १
तुमचा मूळ परिच्छेद स्लाइडखालच्या नोट्समध्ये टाका आणि 'नोट्स पेजेस' हा पर्याय निवडून पीडीएफ काढा. पानावर वर स्लाइड, खाली पूर्ण मजकूर येतो. सभेत दाखवायला स्लाइड आणि मेलला ही पीडीएफ.