प्रतिसाद: आलेख खालीही येतो

किती टक्के घरांत एखादी वस्तू आहे, हे दाखवणारा आलेख फक्त चढतो, कारण 'घरात आलेली वस्तू पुन्हा जात नाही', हा वरच्या लेखातला मुद्दा पटला नाही. अमेरिकेत 1930 च्या जनगणनेत सुमारे 40 टक्के घरांत रेडिओ होता, 1940 मध्ये 80 टक्क्यांहून जास्त. त्याच दशकातल्या महामंदीत टेलिफोन असलेली घरं मात्र घटली. कारण साधं आहे: रेडिओ एकदाच घ्यायचा, फोनचं भाडं दरमहा भरायचं. वॉशिंग मशीन हळू पसरतं, कारण त्याला नळजोड, सांडपाण्याची वाट आणि भरवशाची वीज लागते. मोबाइलला चार्जिंग पुरतं.

आणि आकडे जुळवताना छेद आधी तपासा, म्हणजे मोजणी माणसांमागे आहे की घरांमागे. 100 माणसांमागे 90 मोबाइल म्हणजे 90 टक्के घरांत मोबाइल नव्हे. एकाच घरात चार असतात. पाहणीतला प्रश्न 'वस्तू आहे का' होता की 'चालू आहे का', हेही बघाच.