मुलाची पोटगी: पगारातून परस्पर कपात की थेट खात्यात?

मुठाकाठ
धाकट्या बहिणीचा परस्पर संमतीने घटस्फोट होतोय, पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात. मुलगा तिच्याकडे राहणार, वडील दरमहा पंधरा हजार देणार, इथवर दोन्हीकडचं जुळलंय. घोडं अडलंय ते पैसे यायचे कसे यावर. तिला हवंय की कंपनीने पगारातून कापून परस्पर तिच्या खात्यात टाकावेत आणि तसं अटींमध्येच लिहावं. तो म्हणतो, ‘मी काय पळून चाललोय? पाच तारखेला ट्रान्सफर करीन की.’ केस चालू असताना अंतरिम पोटगी आली सगळी, पण कधी सात तारखेला, कधी पंचवीसला, एकदा तर दोन महिन्यांची एकदम. मी कपातीच्या बाजूने आहे. आमचे बाबा मात्र म्हणतात, जावईबापूंना (हो, अजून जावईबापूच) असं वेसण घालू नका. तुम्हाला काय वाटतं?

कडक_चहा
बाबांशी सहमत. पैसे सगळे आले हे तुम्हीच लिहिलंय, मग शिक्षा कशाची? मी स्वतः पोटगी देणारा बाप आहे. बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवली आहे, पगार झाला की दुसऱ्या दिवशी रक्कम जाते आणि आजवर चुकलेली नाही. हेच कंपनीमार्फत असतं तर पगारपत्रकावर ‘कोर्ट कपात’ अशी ओळ आली असती. ते पगारपत्रक गृहकर्जाला लागतं, नवीन नोकरीच्या मुलाखतीत मागतात. माझ्या घरात काय झालं हे एचआरमधल्या पोरांना कशाला कळायला हवं? आणि माझ्या मुलीला मी पैसे पाठवतो. कंपनी पाठवत नाही. या फरकाला माझ्या लेखी किंमत आहे.

निशिगंध
दादा, तुम्ही नियमित देता, चांगलंच आहे. पण धागा तुमच्यावर नाही. देणारा नियमित नसेल तर घेणारीचं काय होतं ते सांगते.

महिन्याची सहा तारीख उजाडली की मोबाइल हातात घेऊन बसायचं. आधी बँकेचं अ‍ॅप. मग ‘पगार झाला का?’ असा मेसेज टाईप करायचा, खोडायचा, पुन्हा करायचा. उत्तर येतं, ‘बघतो.’ चार दिवसांनी पुन्हा विचारलं की, ‘सारखं पैसे पैसे. या रविवारी पोराला पाठव, मग बोलू.’ स्कूलबसवाल्या काकांना तोवर मी दोनदा ‘सोमवारी देते’ म्हणून झालेलं असतं. पोटगी आणि भेटीगाठी या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत, माहीत आहे. पण पैसे जोवर त्याच्या बोटाच्या एका टिचकीवर आहेत, तोवर प्रत्यक्षात त्या वेगळ्या राहत नाहीत. मला दोन हजार कमी चालतील, पण मागावे लागायला नकोत.

हिशेबनीस
दुसऱ्या बाजूने सांगतो. मी खासगी कारखान्यात पगारपत्रकं करतो. कोर्टाचं पत्र आलं की आधी व्यवस्थापकाच्या टेबलावर, मग विधी सल्लागाराकडे, मग माझ्याकडे. आम्ही कपात लावतो आणि पत्रात लिहिलं असेल तसं कोर्टात भरतो किंवा थेट बाईंच्या खात्यात टाकतो. एकदा लागली की घड्याळासारखी चालते, कारण ती न केल्यास प्रश्न आम्हाला विचारला जातो. आणि कडक_चहा म्हणतात ते खोटं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्ध्या शॉपला कळलेलं असतं.

पण खरी गोम वेगळी आहे. माणसाने राजीनामा दिला की माझं काम एका ओळीचं: ‘सदर कर्मचारी सेवेत नाही.’ पत्र कोर्टाकडे, विषय संपला. नवी कंपनी कुठली हे शोधून पुन्हा अर्ज करायचा तो बाईंनी. कपात म्हणजे कायमची सोय, अशा भ्रमात राहू नका.

काळा_कोट
थोडं कायद्याचं. संमतीच्या अटींवर हुकूमनामा झाला आणि पैसे थकले, तर दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून पगार जप्त करता येतो. इतर कर्जांच्या वसुलीत पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. पोटगीसाठी मात्र फक्त एक तृतीयांश. म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत हात घालता येतो (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम 60). कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तर कलम 20 खाली मॅजिस्ट्रेट मालकालाच सांगू शकतात की पगाराचा हिस्सा परस्पर बाईंना द्या किंवा कोर्टात भरा.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 कलमाखालची, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 144 खालची पोटगी असेल, तर थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करा. ‘जाऊ दे, देईल पुढच्या महिन्यात’ करत बायका थांबतात आणि जुने महिने हातचे जातात. तुरुंगात जाऊन आल्याने देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगितलंय. पण तो आत असताना पगारही बंद, हेही खरं.

कडक_चहा
दोन तृतीयांश! आणि घराचा हप्ता, आईची औषधं कशातून? यालाच मी वेसण म्हणतो.

काळा_कोट
ती कमाल मर्यादा आहे हो, दर नव्हे. 2017 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पत्नीच्या पोटगीबाबत निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम वाजवी मानली होती, तोही प्रत्येक खटल्याला लावायचा नियम नाही. इथे तर रक्कम दोघांनी मिळून ठरवली आहे. वाद फक्त वाटेचा आहे.

हडसनकाठी
न्यू जर्सीतून. इकडे प्रश्न उलटा आहे. अमेरिकेत 1994 पासूनच्या नव्या आदेशांत मुलाची पोटगी सर्वसाधारणपणे पहिल्या दिवसापासून पगारातूनच कापतात, थकवण्याची वाट बघत नाहीत. नको असेल तर दोन्ही पालकांनी लेखी ठरवायचं किंवा कोर्टाला सबळ कारण पटवायचं. पैसे राज्याच्या केंद्रात जातात, तिथून दुसऱ्या पालकाकडे, नोंद आपोआप राहते. नवा कर्मचारी लागला की मालकाने राज्याला कळवायचं असतं, त्यामुळे नोकरी बदलली तरी माग लागतो. आणि कपात आहे म्हणून नोकरीवरून काढायला बंदी.

माझ्या ऑफिसात अशी कपात असलेले लोक आहेत, कोणी भुवई उंचावत नाही. सरसकट लागते म्हणून. आपल्याकडे ती थकवल्यावरच लागते, म्हणून कपात झाली की माणूस बुडव्या ठरतो. कडक_चहांना लाज कपातीची वाटत नाहीये, त्या शिक्क्याची वाटते आहे.

रोखठोक
अमेरिकेचं कौतुक पुरे. माझ्या मावसबहिणीचा नवरा टेम्पो चालवतो, धंदा सगळा रोखीत. कापणार कोणाच्या पगारातून? आणि पगारदारही कमी नाहीत. मालकाशी संगनमत करून पगार कागदावर घटवायचा, वरचे रोख घ्यायचे, असे महाभाग पाहिलेत. हा धागा आयटीवाल्यांच्या सोयीचा आहे.

हिशेबनीस
रोखठोक, मान्य. पण ज्याच्या पगारातून कापता येतं त्याचंही कापायचं नाही का?

निशिगंध
हडसनकाठींनी मनातलं लिहिलं. पहिल्या दिवसापासून लावली तर अपमान कुणाचाच नाही. ‘आधी विश्वास ठेव, बुडवलं की कोर्टात जा’ म्हणजे बुडण्याचा खर्च कायम आईनेच सोसायचा. वकिलाची फी, रजा टाकून तारखा, तोवर शाळेची फी उसनी.

मुठाकाठ
सगळ्यांचे आभार. काल वकिलांनी मधला मार्ग सुचवला: सुरुवात थेट ट्रान्सफरने, दोन हप्ते थकले की कंपनीकडून कपात, त्याला त्याची आत्ताच लेखी संमती. बहीण कुरकुरत का होईना, तयार झाली आहे.

निशिगंध
दोन कशाला? एक. आणि ‘थकला’ म्हणजे काय तेही लिहा. सात तारखेनंतर आला तो थकला. नाहीतर पंचवीस तारखेचं रडगाणं तसंच राहील.

कडक_चहा
एक हप्ता जाचक आहे, बँकेचा सर्व्हरही बंद पडतो कधी. पण तारीख लिहा, हे पटलं. पैसे देणाऱ्याच्याही हिताचं आहे ते. आणखी एक, रोखीने एक रुपया देऊ-घेऊ नये. ट्रान्सफर करताना शेऱ्यात ‘जून पोटगी’ असं लिहावं. मी परस्पर शाळेत फी भरली होती, ती पोटगीत धरायला तिकडून साफ नकार आला.

काळा_कोट
येणारच. आदेशात तसं लिहिलं नसेल तर फी वेगळी आणि पोटगी वेगळी. मुठाकाठ, रकमेत दरवर्षीची वाढ टाकलीत का? मुलगा लहान आहे ना? पंधरा हजार दहा वर्षं पंधराच राहिले तर कापून आले काय आणि हाताने आले काय.

मुठाकाठ
वाढीचं राहिलंच होतं. आठ टक्के मागतोय, ते पाचवर अडलेत.

हिशेबनीस
आणि नोकरी बदलली तर पंधरा दिवसांत नव्या कंपनीचं नाव-पत्ता कळवायचा, हे त्याच कलमात घ्या. त्याची संमती आत्ताच्या कंपनीच्या नावाने नको, ‘जो कोणी मालक असेल त्याला’ अशी लिहून घ्या. एका जुन्या कंपनीचं नाव घातलेलं असलं पत्र माझ्याकडे आलं होतं, तसंच परत पाठवावं लागलं.